रबर नको, गोळी नको, तांबी नको, मग काय?

पत्र

नमस्कार डॉक्टर,

मी ३२ वर्षांची आहे. मुलगी अडीच वर्षांची, नॉर्मल डिलिव्हरी झाली होती. मला अर्धशिशीचा त्रास आहे. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर वाकड्यातिकड्या चमकत्या रेघा येतात, म्हणून गर्भनिरोधक गोळ्या बंद करायला सांगितलं होतं. मग तांबी बसवली, पण पाळीत इतकं अंगावरून जायला लागलं की ती काढावी लागली. तेव्हापासून नवरा कंडोम वापरतो. गेले काही महिने संबंधांनंतर मला खाज सुटते, सूज येते, आग होत राहते. नवरा म्हणतो, तुझ्या मनात नसतं म्हणून तुला असं होतं. मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. पण मुलीच्या वाढदिवसाला मी फुगे फुगवले आणि माझे ओठ सुजले. या दोन्हींचा काही संबंध असेल का? बायकांनी वापरायचीही साधनं असतात असं ऐकलंय. ती कशाची बनतात? त्यात रबर असतं का? माझ्यासारखीला त्यातलं काय चालेल? आम्हाला निदान तीन वर्षं दुसरं मूल नको आहे. डॉक्टरांना समोर बसून हे विचारायची लाज वाटते, म्हणून लिहिते आहे.

— एक वाचक

उत्तर

तुमच्या पत्रातली फुग्यांची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. हो, संबंध आहे, आणि बहुधा अगदी सरळ आहे. फुगे आणि बहुतेक कंडोम एकाच पदार्थाचे बनतात: रबराच्या झाडाच्या चिकाचे, म्हणजे लॅटेक्सचे. फुगा ओठांना लागला तेव्हा ओठ सुजले, कंडोम योनीला लागतो तेव्हा तिथे सूज येते. दोन्ही जागचं अस्तर पातळ आणि ओलसर असतं, त्यामुळे चिकातली प्रथिनं तिथून चटकन आत शिरतात. मन नसलं तर कोरडेपणा येईल, दुखेल, हे मान्य. पण मन नाही म्हणून फुग्याने ओठ सुजत नाहीत. तुमच्या नवऱ्याला हा परिच्छेद जरूर वाचायला द्या.

तपासल्याशिवाय मी निदान पक्कं करणार नाही, पण लॅटेक्सची ॲलर्जी आहे असंच धरून आजपासून वागा. याचं कारण शयनगृहापुरतं नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

रबराच्या झाडाच्या सालीवर खाच पाडली की पांढरा चीक वाहतो. त्यात रबर असतं आणि त्याबरोबर झाडाची स्वतःची प्रथिनंही असतात. नुसतं रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होतं. म्हणून गंधक घालून ते तापवण्याची पद्धत आली. चार्ल्स गुडइयरने १८४४ मध्ये तिचं पेटंट घेतलं. आज त्यात प्रक्रिया लवकर व्हावी म्हणून थायुराम, कार्बामेट अशी रसायनंही घालतात. तयार माल धुतात, तरी थोडी प्रथिनं आणि थोडी रसायनं शिल्लक राहतात. एखाद्या शरीराचं वाकडं येतं ते यांपैकी एकाशी.

प्रथिनांची ॲलर्जी काही मिनिटांत दिसते. खाज, सूज, अंगावर गांधी उठणं, शिंका, डोळे चुरचुरणं, धाप. क्वचित घसा आवळतो आणि रक्तदाब कोसळतो, आणि ते जिवावर बेतू शकतं. रसायनांची ॲलर्जी सावकाश येते. एक-दोन दिवसांनी कातडी लाल होते, कोरडी पडते, खाजते. ती त्रासदायक असते, पण जीव घेत नाही. तुमचे ओठ फुगे फुगवतानाच सुजले असतील तर संशय पहिल्या प्रकारावर जातो.

१९८० च्या दशकात एड्सच्या भीतीने दवाखान्यांत हातमोज्यांचा वापर एकदम वाढला. पाठोपाठ परिचारिका आणि डॉक्टरांमध्ये ही ॲलर्जी मोठ्या प्रमाणात दिसू लागली. मोजे सहज चढावेत म्हणून त्यांना पावडर लावत, आणि ती पावडर प्रथिनं घेऊन हवेत उडायची. अमेरिकेने २०१७ पासून पावडरच्या वैद्यकीय हातमोज्यांवर बंदीच आणली. हे सांगते आहे कारण तुमचा खरा धोका तिथेच आहे. दातांच्या डॉक्टरांचे हातमोजे, लघवीची नळी, शस्त्रक्रियेच्या सामानातल्या रबरी वस्तू यांपैकी काहीही लॅटेक्सचं असू शकतं. पोटाच्या शस्त्रक्रियेत किंवा बाळंतपणात लॅटेक्स थेट आतल्या अवयवांना लागलं तर गंभीर प्रसंग ओढवू शकतो. म्हणून यापुढे कुठल्याही डॉक्टरांकडे, दाताच्या साध्या कामासाठी गेलात तरी, पहिलं वाक्य हे म्हणा: "मला लॅटेक्सची ॲलर्जी असावी." तेवढ्यावर ते दुसरे मोजे घालतात. या ॲलर्जीच्या काही लोकांना केळं, किवी, ॲव्होकॅडो किंवा चेस्टनट खाल्ल्यावर तोंडात खाज येते, कारण या फळांत मिळतीजुळती प्रथिनं असतात. तुम्हाला कधी तसं झालं आहे का, आठवून बघा.

तपासणी म्हणजे रक्ताची चाचणी, नाहीतर ॲलर्जीतज्ज्ञांकडची त्वचेवरची चाचणी. रसायनांचा संशय असेल तर पाठीवर पट्ट्या चिकटवून काही दिवसांनी बघतात. "पुन्हा एकदा फुगा फुगवून बघते" हा प्रयोग मात्र घरी करू नका. दर वेळची प्रतिक्रिया आधीच्याइतकीच सौम्य असेल याची हमी नसते.

अजून दोन-तीन संशयित आहेत, ते झटपट सांगते. काही कंडोमना शुक्राणूनाशक लावलेलं असतं, काहींना वास आणि चव, तर वीर्यपतन लांबवणाऱ्या काही कंडोममध्ये बेंझोकेनसारखं बधिर करणारं औषध असतं. यांपैकी कशानेही आग होऊ शकते. बुरशीच्या संसर्गातही भयंकर खाज सुटते, पण तेव्हा बहुधा दह्यासारखा पांढरा स्राव जातो आणि खाज संबंधांच्या वेळेपुरती राहत नाही. तसं काही असेल तर आधी त्याचे उपचार घ्या.

आता बायकांच्या साधनांकडे येते. त्यांची नावं पुष्कळ आहेत, पण ती ज्या पदार्थांची बनतात ते मोजकेच आहेत: लॅटेक्स, पॉलियुरेथेन, नायट्राइल आणि सिलिकॉन. पहिला तुम्हाला वर्ज्य. उरलेले तिन्ही कारखान्यात बनतात, त्यांच्यात झाडाचं प्रथिन नसतं.

स्त्री-कंडोमपासून सुरुवात करू, कारण मला वाटतं तुमच्यासाठी सध्या तोच सगळ्यात कामाचा आहे. सुमारे १७ सेंटिमीटर लांबीची ही पातळ, मऊ पिशवी असते. एक तोंड बंद, दुसरं उघडं. बंद टोकाच्या आत एक सुटी लवचिक रिंग, उघड्या तोंडाला दुसरी, जरा मोठी रिंग. पहिला स्त्री-कंडोम पॉलियुरेथेनचा होता. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला १९९३ मध्ये मान्यता दिली. तो मजबूत होता, पण वापरताना चुरचुर आवाज करायचा, आणि अनेक बायकांनी त्याच कारणाने तो सोडला. पुढे एफसी-२ नावाचा नवा स्त्री-कंडोम आला, त्याला तिथे २००९ मध्ये मान्यता मिळाली. तो नायट्राइलचा. दवाखान्यातले निळे-जांभळे हातमोजे असतात, तेच हे कृत्रिम रबर. ते जास्त मऊ असतं, आवाज कमी करतं, अंगाच्या उबेने लगेच उबदार होतं. त्याला सिलिकॉनचं वंगण लावलेलं असतं. जास्तीचं लागलं तर पाण्याचं जेल किंवा तेलही चालतं. लॅटेक्सच्या कंडोमला तेल, क्रीम किंवा पेट्रोलियम जेली लावली की तो काही मिनिटांत कमकुवत होतो. नायट्राइलचं तसं नाही.

इथे एक सापळा आहे. सगळे स्त्री-कंडोम बिनलॅटेक्सचे नसतात. नैसर्गिक लॅटेक्सचे स्त्री-कंडोमही विकले जातात, त्यांतल्या काहींत आतल्या रिंगऐवजी स्पंजचा तुकडा असतो. "बायकांचा आहे म्हणजे रबराचा नसेल" असं गृहीत धरलंत तर तुम्ही पुन्हा तिथेच याल. पाकिटावरची साहित्याची ओळ वाचा. 'नायट्राइल' किंवा 'पॉलियुरेथेन' लिहिलं असेल तरच घ्या. काहीच लिहिलं नसेल तर घेऊ नका.

तो घालणं पहिल्यांदा जमत नाही, आणि त्यात तुमचं काही चुकत नसतं. एकटीने, दार लावून, संबंधांचा विचार नसताना घालून-काढून बघा. उकिडव्या बसा, किंवा एक पाय स्टुलावर ठेवा, किंवा आडव्या व्हा. आतली रिंग अंगठा आणि मधलं बोट यांत चिमटीत दाबली की ती लांबट होते. वंगणामुळे हातातून निसटते, त्यामुळे घट्ट धरा. दुसऱ्या हाताने योनीचे ओठ बाजूला करून ती आत सरकवा. मग तर्जनी पिशवीच्या आत घालून रिंग जाईल तितकी वर ढकला. नीट बसली की तिची जाणीव होत नाही. टोचत असेल तर अजून थोडी वर हवी. पिशवीला पीळ पडलेला नसावा. बाहेरची रिंग योनीच्या तोंडाबाहेर राहिली पाहिजे. संबंधांच्या वेळी शिश्न हाताने धरून त्या रिंगच्या आतच जाऊ द्या. ते पिशवी आणि योनीची भिंत यांच्यामधून गेलं, किंवा बाहेरची रिंगच आत ढकलली गेली, तर थांबा आणि नीट करा. बहुतेक अपयश इथेच होतं. नंतर उभं राहण्याआधी बाहेरच्या रिंगला पीळ घालून पिशवीचं तोंड बंद करा आणि ओढून काढा. एकदाच वापरायचा, धुऊन पुन्हा नाही. आणि तुम्ही हा घातला असताना नवऱ्याने त्याचा कंडोम घालायचा नाही. दोन्ही एकमेकांवर घासतात, सरकतात, फाटतात.

बायकांच्या अडथळा-साधनांत एचआयव्ही आणि इतर लैंगिक संसर्गांपासून खरं संरक्षण देणारं हे एकच साधन आहे. तुम्ही त्याबद्दल विचारलेलं नाही, पण माहीत असलेलं बरं.

दुसरं साधन डायफ्राम. हा पातळ, घुमटाकार पडदा. कडेला वाकणारी स्प्रिंग, आणि तो गर्भाशयाचं मुख झाकून बसतो. १८८० च्या दशकात जर्मन डॉक्टर विल्हेल्म मेन्सिंगा यांनी तो लोकांसमोर आणला. स्त्रीला स्वतःच्या हातात ठेवता येईल असं, नवऱ्याच्या मर्जीवर न चालणारं साधन म्हणून त्याला त्या काळी फार मोल होतं. पूर्वी तो रबराचाच असे. आता बहुतेक डायफ्राम सिलिकॉनचे असतात. सिलिकॉन ॲलर्जी क्वचितच करतं, धुता येतं, टिकतं. पण जुन्या धर्तीचे लॅटेक्सचेही असू शकतात, म्हणून इथेही साहित्य वाचायचंच. काही डायफ्राम वेगवेगळ्या मापांत येतात आणि डॉक्टर किंवा नर्स आतून तपासून माप ठरवतात. काया नावाचा एकाच मापाचा सिलिकॉनचा डायफ्राम आहे. त्याची स्प्रिंग नायलॉनची, काढायला बोट अडकवता यावं म्हणून कडेला खोबण. बहुतेक बायकांना तो बसतो, सगळ्यांना नाही. त्यामुळे एकदा कुणाकडून तरी तपासून घेतलेला बरा. बाळंतपण, गर्भपात किंवा त्या भागातली शस्त्रक्रिया झाली की माप पुन्हा बघायचं. बाळंतपणानंतर पहिले सहा आठवडे तो वापरायचाच नाही.

डायफ्राम एकटा पुरत नाही. घुमटात शुक्राणू रोखणारं जेल घालायचं, कड चिमटीत दाबायची, आणि वर नाही तर मागे, माकडहाडाच्या दिशेने सरकवायचा. मागची कड गर्भाशयाच्या मुखापलीकडे जाते, पुढची समोरच्या हाडामागे अडकते. मग बोट घालून तपासायचं. पडद्याआड नाकाच्या शेंड्यासारखं घट्ट, गोलसर काहीतरी लागलं तर ते गर्भाशयाचं मुख, आणि ते झाकलं गेलं आहे. ते हाताला लागलंच नाही तर डायफ्राम बसला आहे असं मानू नका. शेवटच्या संबंधांनंतर किमान सहा तास तो आत राहायला हवा, पण एकूण २४ तासांच्या वर नाही. मध्ये पुन्हा संबंध आले तर तो न काढता वरून जेल घालायचं. साध्या साबणाने धुवायचा, वाळवायचा, उजेडात धरून भोक किंवा चीर नाही ना ते बघायचं. सिलिकॉनच्या साधनाला सिलिकॉनचं वंगण किंवा तेल लावू नका, वंगण लागलंच तर पाण्याचं वापरा.

अनेक बायकांच्या मनात एक भीती असते आणि त्या ती बोलत नाहीत: हे आत हरवलं तर? हरवत नाही. योनी वरच्या टोकाला बंद असते, आणि गर्भाशयाच्या मुखाचं छिद्र इतकं बारीक असतं की त्यातून असं काही जाऊच शकत नाही. बोट पोचत नसेल तर उकिडव्या बसा आणि जोर काढा, साधन खाली येतं.

डायफ्राममुळे काहींना लघवीचा संसर्ग वारंवार होतो. कड मूत्रमार्गावर दाबते, आणि शुक्राणूनाशकामुळे योनीतले उपकारक जिवाणू कमी होतात. तुम्हाला लघवीला जळजळ होण्याची खोड असेल तर हे साधन पहिल्या पसंतीचं नाही.

सर्व्हायकल कॅप म्हणजे याहून लहान, गर्भाशयाच्या मुखावर थेट बसणारी सिलिकॉनची टोपी. फेमकॅपची मापं २२, २६ आणि ३० मिलिमीटर. बाई कधीच गरोदर नव्हती, गरोदर होती पण योनीमार्गे प्रसूती नाही, की तशी प्रसूती झाली आहे, यावर माप ठरतं. ती ४८ तासांपर्यंत ठेवता येते. आणखी एक साधन म्हणजे आत ठेवायचा स्पंज. तो पॉलियुरेथेनच्या फेसाचा असतो, त्यात नॉनॉक्सिनॉल-९ हे शुक्राणूनाशक भरलेलं असतं. पाण्याने भिजवून, पिळून फेस आला की आत घालायचा. २४ तास उपयोगी, शेवटच्या संबंधांनंतर सहा तास ठेवायचा आणि एकूण ३० तासांच्या आत काढायचा. हे दोन्ही मी तुम्हाला सुचवणार नाही, आणि कारण तुमची प्रसूती हेच आहे. नेहमीच्या वापरात, वर्षभरात, स्पंज वापरणाऱ्या आणि आधी मूल न झालेल्या १०० जणींपैकी साधारण १४ जणींना दिवस जातात. मूल झालेल्यांत तो आकडा २७ च्या आसपास जातो. कॅपचंही तसंच, १४ आणि २९ च्या आसपास. हा फरक विक्रीच्या पत्रकावर ठळक छापलेला नसतो, पण तुमच्यासाठी तोच निर्णायक आहे.

नॉनॉक्सिनॉल-९ बद्दल थोडं जास्त सांगायला हवं. ते साबणाच्या जातीचं रसायन आहे. शुक्राणूचं बाहेरचं आवरण ते फोडतं, पण योनीच्या पेशींचं आवरण त्याच्या लेखी वेगळं नाही. वारंवार वापरलं तर अस्तर सोलवटतं. ज्या बायकांना एचआयव्हीचा धोका जास्त आहे त्यांच्यात या रसायनाच्या वारंवार वापराने तो धोका वाढतो असं दिसल्यावर जागतिक आरोग्य संघटनेनेही त्यांना ते वापरू नका असं सांगितलं. तुमच्या अस्तराची आधीच आग होते आहे, तेव्हा हे नाव जिथे दिसेल तिथून दूर राहा. डायफ्रामबरोबर जेल हवंच असेल तर लॅक्टिक आम्लाचं मिळतं. योनी मुळातच आम्लधर्मी असते, वीर्य ते आम्ल काही काळ शमवतं, आणि हे जेल त्याला शमू देत नाही, त्यामुळे शुक्राणूंची हालचाल मंदावते. इजिप्तमधल्या सुमारे इसवीसनपूर्व १५५० च्या एका पपायरसमध्ये बाभळीच्या जातीचं झाड आणि मध यांत भिजवलेला बोळा आत ठेवायला सांगितला आहे. त्या झाडाचा डिंक आंबला की लॅक्टिक आम्लच तयार होतं. बायका हा प्रश्न किती शतकं सोडवत आल्या आहेत, ते त्यातून दिसतं. अर्थात आम्लाच्या जेलनेही काहींना चुरचुरतं. आधी सूज पूर्ण उतरू द्या, मगच वापरा.

पाळी चालू असताना डायफ्राम, कॅप किंवा स्पंज घालू नका. सांगितलेल्या तासांपलीकडे आत ठेवूही नका. एक विशिष्ट जिवाणू तिथे वाढून विष तयार करू शकतो. हे फार क्वचित होतं, पण एकदम चढलेला ताप, उलट्या, चक्कर आणि उन्हाने भाजल्यासारखं लाल अंग दिसलं तर साधन काढून तडक रुग्णालय गाठा.

आता तो प्रश्न, जो तुम्ही शेवटी एका ओळीत टाकला आहे: तीन वर्षं मूल नको. "नको" म्हणजे किती नको? झालं तर सांभाळून घेऊ, की झालं तर घर कोलमडेल? हे दोघांनी बसून ठरवा, कारण अडथळा-साधनांचे आकडे मी गोड करून सांगणार नाही. नेहमीच्या वापरात वर्षभरात १०० पैकी स्त्री-कंडोमवर साधारण २१ जणींना, डायफ्रामवर १७ जणींना, पुरुषांच्या कंडोमवर १३ जणींना दिवस जातात. काहीच वापरलं नाही तर ८५ जणींना. स्त्री-कंडोम दर वेळी, एकही चूक न करता वापरला तर २१ चा आकडा ५ वर येतो. म्हणजे चुकतो तो बहुतेकदा वापर, पिशवी नाही. म्हणूनच मी एकटीने सराव करायला सांगितलं.

या आकड्यांमुळेच आणखी दोन वाटा दाखवते. पहिली सोपी: नवऱ्याने बिनलॅटेक्सचा कंडोम घ्यायचा. पॉलिआयसोप्रीनचा मिळतो. ते रबरासारखंच ताणलं जातं, पण कारखान्यात बनतं, त्यात झाडाचं प्रथिन नाही. तेल मात्र त्यालाही चालत नाही. पॉलियुरेथेनचाही मिळतो, पातळ पण कमी ताणला जाणारा. मेंढीच्या आतड्याचे कंडोमही असतात. त्यांनी गर्भ रोखला जातो, पण त्यातून विषाणू जाऊ शकतात. नवऱ्याचा बिनलॅटेक्सचा कंडोम आणि तुमचा सिलिकॉनचा डायफ्राम ही जोडी एकत्र चालते, आणि कुठल्याही एकापेक्षा भक्कम असते. फक्त तुमची ॲलर्जी रसायनांची निघाली तर कृत्रिम रबरातही तीच रसायनं असू शकतात. तेव्हा पॉलियुरेथेन आणि सिलिकॉनकडे वळा.

दुसरी वाट तुम्ही बंद समजून बसला आहात, ती पूर्ण बंद नाही. डोळ्यांसमोर रेघा येणाऱ्या अर्धशिशीत इस्ट्रोजेन हे हार्मोन असलेल्या गोळ्या नको असतात, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. तुम्हाला त्या बंद करायला सांगितलं ते अगदी योग्य होतं. पण सगळीच हार्मोन्स इस्ट्रोजेन नसतात. फक्त प्रोजेस्टोजेन हे दुसरं हार्मोन असलेली गोळी, दंडात बसवायची कांडी किंवा गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन यांचा विचार डॉक्टरांशी बोलून करता येतो. हे शेवटचं दिसायला तांबीसारखंच असतं, पण त्यात तांबं नसतं, आणि त्याने पाळीतला रक्तस्राव उलट कमी होतो. तांबीने तुम्हाला जे झालं त्याच्या बरोबर विरुद्ध. वर्षभरात १०० पैकी एकीलाही जेमतेम दिवस राहतात. "नकोच" असं तुमचं उत्तर असेल तर मी स्वतः आधी याबद्दल बोलेन आणि अडथळा-साधन जोडीला ठेवेन. "झालं तर बघू" असेल तर नायट्राइलचा स्त्री-कंडोम किंवा कंडोम-डायफ्रामची जोडी पुरेशी आहे.

कधी साधन सरकलं, फाटलं, रिंग आत गेली, तर वाट बघत बसू नका. तातडीची गोळी जितकी लवकर तितकी उपयोगी. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची शक्यतो ७२ तासांच्या आत, युलिप्रिस्टलची पाच दिवसांपर्यंत चालते. ती एकदाच घ्यायची असते आणि तिच्यात इस्ट्रोजेन नसतं, त्यामुळे अर्धशिशीसाठी ती टाळायची गरज नाही. ही दर महिन्याला घ्यायची गोष्ट नाही.

लाजेबद्दल. ती वाटते, आणि मी तुम्हाला "वाटू देऊ नका" असं सांगून ती जाणार नाही. एक युक्ती उपयोगी पडते: सगळं कागदावर लिहून न्या आणि तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या. त्यात एवढं असू द्या: फुग्याने ओठ सुजले, कंडोमनंतर किती वेळात खाज सुटते आणि किती वेळ टिकते, अर्धशिशीआधी रेघा दिसतात, तांबीने रक्तस्राव वाढला, नॉर्मल डिलिव्हरी, तीन वर्षं मूल नको. वापरत असलेल्या कंडोमचं रिकामं पाकीटही न्या, म्हणजे त्यावर काय लावलेलं होतं ते कळेल. आतून तपासणी होणार असेल तर आधीच सांगा, मोजे लॅटेक्सचे नकोत. जमलं तर नवऱ्यालाही सोबत न्या, तपासणीच्या खोलीत नाही तर बोलण्याच्या खोलीत. त्यानेही हे सगळं डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं बरं.

तोपर्यंत घरातले लॅटेक्सचे कंडोम आणि उरलेले फुगे टाकून द्या. सूज उतरेपर्यंत संबंध थांबवा. तिथे साबण, सुगंधी वॉश, क्रीम काही लावू नका, साध्या पाण्याने धुवा. आणि कधी खाजेबरोबर धाप लागली, आवाज बसला किंवा घसा आवळल्यासारखं वाटलं, तर रात्र असो की दिवस, थेट रुग्णालयात जा आणि दारातच सांगा की लॅटेक्सची ॲलर्जी आहे.